कुंकू लावलेल्या माश्या

लेले मास्तरांनी सापळ्याचं झाकण उघडलं आणि सकाळी सकाळी त्यांचं तोंड कडू झालं. डब्यात माश्या होत्या. एकदोन असत्या तर त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिल्या असत्या, पण इथे डब्याचा तळ दिसत नव्हता. घरात गुळावर बसणारी माशी वेगळी. या होत्या फळमाश्या, आंब्याच्या सालीखाली गुपचूप अंडी घालणाऱ्या. वरून आंबा राजबिंडा दिसावा आणि कापल्यावर आत अळ्या निघाव्यात, ही सगळी त्यांचीच करणी.

मास्तर गडग्यापाशी गेले. त्यांची बाग आणि धोंडू भाटकरची बाग यांच्या मधोमध चिऱ्यांचा हा कमरेएवढा गडगा होता आणि पलीकडच्या कलमावर अगदी तसाच डबा लटकत होता. मास्तर एका चिऱ्यावर चढले, मान लांब केली आणि चष्मा सावरून पाहिलं. धोंडूच्या डब्याच्या तळाशी चार काळे ठिपके होते, बस.

"अस्सं!" मास्तर म्हणाले.

चारुदत्त लेले तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते, पण तालुक्यात त्यांची ख्याती होती ती कॉपी पकडण्याबद्दल. मुलांच्या बाहीतून, चपलेतून, एकदा तर भाकरीच्या घडीतून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. शेजारीशेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचा पेपर भरलेला आणि दुसऱ्याचा कोरा असेल, तर काहीतरी भानगड आहे हे त्यांना वासावरून कळायचं. निवृत्त होऊन ते जयगड रस्त्यावरच्या आपल्या आंबा-चिकूच्या बागेत येऊन राहिले, पण संशय काही निवृत्त झाला नाही.

सापळे लावले होते मृणाली सुर्वेने. परदेशात आंबा पाठवणाऱ्या एका कंपनीची ही तरुण तपासनीस शिमग्यानंतर वाडीत आली होती. तिने दोघांच्या बागेत एकेक डबा टांगला, आत वासाचा लाकडी ठोकळा अडकवला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. या डब्याला पुस्तकात 'कामगंध सापळा' म्हणतात. त्यातला 'काम' मास्तर बायकोसमोर उच्चारत नसत, नुसतं 'तो डबा' म्हणत. मृणाली समजावत असताना मास्तर मात्र धोंडूला मिळालेला डबा आपल्यापेक्षा मोठा आहे का, हे नजरेने मोजत होते. त्यामुळे त्यांच्या कानात शेवटचं एवढंच शिरलं, की पाडव्यानंतर मॅडम पुन्हा येणार, डबे बघणार आणि मग कुणाचा आंबा लंडनला जायचा ते ठरणार.

लंडन म्हटल्यावर मास्तरांचा जीव गलबलत असे. त्यांची एकुलती एक आर्या तिथे होती. मागच्या वर्षी तिने दुकानातून हापूस म्हणून जे आणलं होतं ते फोनवर पाहून मास्तरांना दोन घास कमी गेले होते. "यंदा तुझ्या दुकानात आपल्या कलमाचा आंबा येतो की नाही बघ," असं ते तिला सांगून बसले होते. पोरीने तो शब्द मैत्रिणींपर्यंत पोचवला होता. आता डबाभर माश्या दाखवून त्या शब्दाचं काय करायचं?

"अगो, ऐकलंस का?" मास्तर पडवीत येऊन गरजले. "आपल्या डब्यात कुणीतरी माश्या टाकतंय."

आनंदीबाई पोहे परतत होत्या. "अहो, माश्या टाकायला कशाला हव्यात? त्यासाठीच तर तो लावलाय. ती मॅडम म्हणाली होती ना, की डब्यात—"

"तू मध्ये बोलू नकोस. माझ्या बागेत ढीगभर माश्या आणि गडग्यापलीकडे चार? माशीला गडगा दिसतो का?"

"तेच म्हणतेय मी. ती म्हणाली, डबा उघडायचा नाही आणि—"

"पोहे लागतायत बघ खाली."

पोहे लागत नव्हते, पण आनंदीबाई गप्प बसल्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या वाक्यं पुरी करायच्या. मग त्यात काही अर्थ नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

त्याच दिवशी धोंडू गडग्याशी भेटला. धोंडूने उभी हयात बोटीवर काढली होती. आता तो कलमांना आळी करणं, गवत काढणं आणि दिसेल त्याच्याशी मनमोकळं बोलणं एवढंच करत असे. मास्तरांना हा मनमोकळेपणा फार खटकायचा. ज्याच्या पोटात काही नाही असा माणूस त्यांनी परीक्षागृहात कधी पाहिला नव्हता.

"काय वो मास्तर, तुमच्या डब्यात माशी बरी लागलीय हां!" धोंडू दात काढून म्हणाला. "आमच्यात काय नाय बगा."

"तुला कसं कळलं माझ्या डब्यात किती आहेत ते?"

"हितून दिसतात की. काळाभोर झालाय डबा."

म्हणजे हा बघतो! आणि हसतो! मास्तरांचा हिशेब जुळला. मागच्या वर्षी त्यांच्या कलमाची फांदी धोंडूच्या बाजूला गेली होती आणि तिचे आंबे धोंडूने स्वतः काढून टोपलीने आणून दिले होते. तेव्हाही मास्तरांना वाटलं होतं, की इतका चांगुलपणा फुकट कोण करतो?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तरांनी आपला डबा उतरवला. सगळ्या माश्या ओंजळीत घेतल्या, आतला ठोकळा बाहेर काढून कानाकोपरा बोटाने पुसला, बोटं सदऱ्याला पुसली. मग आंबे काढायच्या झेल्याची काठी गडग्यापलीकडे लांबवून धोंडूचा डबा अलगद खाली घेतला आणि सगळा ऐवज त्यात रिता केला. मुलांच्या चिठ्ठ्या पकडताना त्यांना जसं पवित्र वाटायचं, तसंच आत्ता वाटत होतं. ज्याचं त्याला परत, यात पाप कसलं?

पण पुढच्या सकाळी त्यांच्या डब्यात पुन्हा माश्या!

आता यात नवल काहीच नव्हतं. ठोकळ्याचा वास दरवळत होता आणि माश्या येत होत्या. पण मास्तरांच्या मते धोंडूने त्याच माश्या परत पाठवल्या होत्या. नुसता संशय उपयोगाचा नव्हता, पुरावा हवा होता. पूर्वी कुणी उत्तरपत्रिकेची पानं बदलतोय अशी शंका आली, की मास्तर पानाच्या कोपऱ्यात लाल शाईचा बारीक ठिपका देऊन ठेवत. माशीला शाई लागेना. मास्तर देवघरात गेले आणि आनंदीबाईंचा कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आले.

मेलेल्या माश्यांवर त्यांनी भरपूर कुंकू भुरभुरवलं, नीट खालीवर केलं आणि त्या लालभडक माश्या धोंडूच्या डब्यात रवाना केल्या. आता बघतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला डबा उघडला आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. लाल! सगळ्या माश्या लाल! त्यांनी टाकलेल्या माश्या गडगा ओलांडून त्यांच्याच डब्यात परत आल्या होत्या. इतका निखळ पुरावा त्यांना नोकरीतही कधी मिळाला नव्हता.

"सापडला चोर," ते आनंदीबाईंना म्हणाले. "धोंडू रात्रंदिवस हाच उद्योग करतोय."

आनंदीबाईंच्या हातातून पळी पडली. "धोंडूभावजी? अहो, नाही हो. त्यांनी काही नाही केलं. मीच—"

"तू त्याची बाजू घेऊच नकोस. त्याच्या बायकोकडे, तुळसाकडे अबोली आणायला जातेस म्हणून तुला ती माणसं साधी वाटतात."

आनंदीबाईंनी पळी उचलली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढचे काही दिवस हाच क्रम चालला. सकाळी माश्या पलीकडे जायच्या, दुपारी अलीकडे यायच्या. बिचाऱ्या जिवंतपणी एवढं हिंडल्या नसतील.

मास्तरांना मात्र आणखी एक गोष्ट छळू लागली. ते बागेत गेले की माश्या त्यांच्याभोवती फिरायच्या. आरामखुर्चीत बसले की सदऱ्याच्या खिशावर येऊन बसायच्या. देवळात आरतीला टाळ वाजवताना शेजारचे काशीराम गुरव चार पावलं लांब सरकले, तेव्हा मास्तरांना अपमान झाल्यासारखं वाटलं. करणीबिरणीवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी घरी येऊन त्यांनी उंबऱ्याखाली कुणी काही पुरलंय का, ते एकदा उकरून पाहिलं. नुसतं पाहिलं.

पाडवा झाला आणि मृणाली येणार असल्याचा निरोप आला. मास्तर पेचात पडले. लाल माश्या आपल्या डब्यात ठेवून धोंडूला उघडं पाडावं, की डबा स्वच्छ दाखवून लंडन गाठावं? आर्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लंडन जिंकलं. त्यांनी सगळ्या माश्या धोंडूच्या डब्यात कोंबल्या. आपला डबा राखेने घासला, साबणाने धुतला, पंच्याने पुसला आणि ठोकळा पुन्हा आत टांगून तो लखलखीत डबा फांदीला अडकवला. आनंदीबाई त्या सकाळी पाहुणीसाठी खांडवी करण्यात गुंतल्या होत्या. त्यांना गडग्याकडे फिरकायला जमलं नाही.

मृणाली स्कूटरवरून आली. तिने आधी मास्तरांचा डबा उतरवला आणि तो उलटासुलटा करून पाहत राहिली. धोंडू आणि तुळसाही गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"एकही माशी नाही?" मृणाली म्हणाली.

"एकही नाही!" मास्तर म्हणाले. त्यांची छाती वीतभर फुगली होती.

"मग हा डबा कुणीतरी रिकामा केलाय. मास्तर, रिकामा सापळा मला नको असतो. बागेत माश्या किती फिरतायत हे यातून कळतं, म्हणून तो लावायचा. ठोकळ्याचा वास घेऊन नर माश्या येतात, आत मरतात. त्यावरून मी ठरवते, की आंब्याला धोका किती आणि उपाय काय करायचा. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, डबा उघडू नका म्हणून?"

मास्तरांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंनी फार सौम्य नजरेने त्यांच्याकडे पाहिलं.

मृणालीने धोंडूचा डबा उतरवला आणि तिचे डोळे विस्फारले. "एवढ्या? आणि या... लाल का आहेत?"

इथेच माशी शिंकली. 'लाल' हा शब्द निघाला आणि मास्तरांमधला परीक्षाप्रमुख खडबडून जागा झाला. ते पुढे सरसावले. "बघा! कुंकू आहे ते! खूण आहे माझी! मी स्वतः कुंकू लावून या माश्या याच्या डब्यात टाकल्या होत्या आणि याने त्या लबाडीने माझ्या..."

मास्तर थांबले. पण गाडी स्टेशन सोडून पुढे गेली होती.

"म्हंजे," धोंडू हळूच म्हणाला, "माज्या डब्यात तुमी टाकल्याव?"

तेवढ्यात एक फळमाशी आली आणि मास्तरांच्या खिशावर बसली. मागोमाग दुसरी बाहीवर बसली. तिसरी, ज्या नाकावर मास्तरांनी जन्मात माशी बसू दिली नव्हती त्या नाकावर येऊन टेकली.

"ठोकळा नुसत्या हाताने धरलात ना?" मृणालीने विचारलं. "तोच वास तुमच्या कपड्यांना लागलाय. त्यात विष असतं हो मास्तर! साबणाने हात धुवा आधी."

मास्तरांनी बुडत्याने काडी पकडावी तसं बोट धोंडूकडे रोखलं. "मग याने परत टाकल्या त्याचं काय? याच्याही अंगावर माश्या यायला हव्यात!"

सगळ्यांनी धोंडूकडे पाहिलं. त्याच्या बनियनवर एकही माशी नव्हती. "मी डब्याला हातच नाय लावला," तो म्हणाला. "मॅडम बोलल्या हुत्या, उगडू नका."

आनंदीबाई खांडवीचं ताट घेऊन पुढे आल्या होत्या. दोन माश्या खांडवीला वळसा घालून त्यांच्या पदरावर जाऊन बसल्या. मास्तर बघतच राहिले.

"तू?"

"हो, मीच," आनंदीबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्यांना मध्ये अडवलं नाही. "करंडा रिकामा दिसला म्हणून शोधत गेले, तर भावजींच्या डब्यात कुंकू लावलेल्या मेलेल्या माश्या! हद्दीवर, झाडाला टांगलेल्या! दिशाला सातवा महिना लागलाय. तुळसाने ते बघितलं असतं तर काय वाटलं असतं तिला? पोरीला झोप लागली असती का? म्हणून रोज दुपारी अबोली न्यायच्या निमित्ताने जायचे आणि माश्या काढून आपल्या डब्यात आणून टाकायचे. टाकून द्यायच्या नाहीत असं मॅडमनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला किती वेळा तोंड उघडलं मी. पुरं करू दिलंत का?"

दिशा म्हणजे भाटकरांची सून. तुळसाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तिने आनंदीबाईंचा हात धरला. मास्तरांना वाटलं, आपल्याला कुणीतरी बाकावर उभं करावं, म्हणजे निदान कुठे बघायचं हे तरी कळेल. आपल्या कुंकवाने शेजारच्या गरोदर पोरीच्या उरात धडकी भरली असती, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

मृणालीने दोन्ही डबे पुसून घेतले. "दोन्ही बागा लागून आहेत. माशीला गडगा दिसत नाही."

"तेच मी म्हणत होतो," मास्तर पुटपुटले.

"म्हणून दोघांचा आंबा जाईल तर एकत्र जाईल, नाहीतर कुणाचाच नाही. मी पंधरवड्याने परत येते. तोवर दोन्ही डबे एकाच माणसाने सांभाळायचे, माश्या मोजून मला सांगायच्या. आणि तो माणूस असा हवा..." तिने मास्तरांच्या खिशाकडे एक नजर टाकली. "धोंडूकाका, तुम्ही सांभाळा."

धोंडू मास्तरांच्या बागेत येणार, त्यांच्या डब्याला हात लावणार आणि लंडनचा फैसला धोंडूच्या तोंडून होणार!

"सांबाळतो," धोंडू म्हणाला. "आर्याच्या दुकानात आंबा जायाला पायजे. पोर लय वाट बगत असल."

मास्तरांनी मान हलवली. शरमेने माणूस वाकतो हे खरं, पण वाकलेला माणूस कलमाच्या बुंध्याआड जास्त चांगला लपतो. दुसऱ्या सकाळी, नव्या धुतलेल्या सदऱ्यात, मास्तर एका जुन्या कलमामागे बसलेले होते. पश्चात्ताप आपल्या जागी आणि देखरेख आपल्या जागी.

पंधरवड्याने मृणाली आली. धोंडूने दोन्ही बागांचा आकडा सांगितला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"इतका कमी? धोंडूकाका, शिमग्यानंतर या बागेत ढिगाने माश्या होत्या. एवढ्यात अशा कुठे जातील? खरं सांगा, थोड्या काढून टाकल्यात का? खोटा आकडा असेल तर मला दोन्ही बागा यादीतून काढाव्या लागतील."

धोंडू गडबडला. ज्याच्यावर कुणी कधी संशय घेतलेला नाही अशा माणसाला, आपण खरं बोलतोय हे कसं सिद्ध करायचं ते माहीत नसतं. तुळसाने पदर तोंडाला लावला.

"आकडा बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

सगळे वळले.

"रोज सकाळी तो हाताला पिशवी बांधून डबा खाली घ्यायचा, मोजायचा आणि जशाच्या तशा आत ठेवायचा. एक माशी इकडची तिकडे केली नाही त्याने. पहिल्या दिवशी माझ्या बागेतले पडलेले चिकू टोपलीत भरायला लागला, तेव्हा म्हटलं, चोरतोय. मागोमाग गेलो. तर पलीकडे हातभर खड्डा खणून सगळे सडके चिकू पुरत होता. माझे! ते काम माझं होतं."

मृणालीच्या कपाळावरची आठी गेली. "सडक्या चिकूत तर त्या वाढतात. ते पुरले म्हणून कमी झाल्या असणार. पण मास्तर, तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?"

"म्हणजे काय? पंधरा दिवस त्या कलमामागे बसून मीही मोजत होतो. हात लावला नाही हां, हा बघा सदरा!" मास्तरांनी दोन्ही हात पसरून दाखवले. सदऱ्यावर एकही माशी नव्हती. मग ते मृणालीकडे वळले. "तीस वर्षं पाळत ठेवली मी लोकांवर. असा एक माणूस नाही सापडला, जो कुणी बघत नसताना असा वागतो. या धोंडूच्या शब्दावर डोळे मिटून सही करा."

मृणालीने मान डोलावली आणि दोन्ही बागा यादीत घातल्या. आनंदीबाईंनी डोळे पुसले. मास्तर धोंडूकडे वळले. माफी मागायचा त्यांना सराव नव्हता, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागत होता.

"धोंडू, मी तुझ्यावर... म्हणजे त्या कलमामागे..."

"म्हायती हाय वो मास्तर," धोंडू हसून म्हणाला. "तुमचा चष्मा चमकायचा उन्हात. तितना तुमाला नीट दिसत नसल, म्हणून तर रोज मोठ्यानं मोजायचो."